आईचा एक्स-रे

प्रिय धाकटे,

आणि तुझ्यामाझ्यासारख्या त्या सगळ्यांनो, ज्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळून, फुगा दाबून, "प्रेशर उत्तम आहे, काही झालेलं नाही तुम्हाला" असं सांगून घरी पाठवलं गेलं. जिन्यात मागे राहिल्याबद्दल ज्यांना आळशी म्हटलं गेलं. ज्यांचा दम कधी वजनावर, कधी वयावर, कधी नुसत्या लाडांवर ढकलला गेला! बघ, सवय जात नाही. पत्र एका बहिणीला आणि सुरुवात भर मैदानातली. आई मला भोंगा म्हणायची ते उगाच नाही. पण या वेळी मैदानात तू एकटीच आहेस आणि भोंग्यातली हवा संपत आली आहे. म्हणून सावकाश वाच. शेवटी मी तुझ्याकडे एक गोष्ट मागणार आहे.

रविवारी फोनवर मी तुला म्हणालो, एकदा हृदयाची तपासणी करून घे. तू हसलीस. "दादा, परवाच औषधाच्या दुकानात मोजलं. एकशे दहा, सत्तर. आणि समजा काही असलंच, तरी त्या लोकांच्या नळ्या मी अंगात घालून घेणार नाही. हे कोणी शिकवलं मला? तुझंच भाषण तुला म्हणून दाखवू?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण नाकाला ऑक्सिजनची नळी आणि छातीत चार शब्दांपुरती हवा. पाचव्या शब्दाची वाट बघून तू म्हणालीस, "बरं, आराम कर," आणि फोन ठेवलास. आख्ख्या आयुष्यात वादात तू मला पहिल्यांदा हरवलंस, तेही माझ्याच शब्दांनी. म्हणून कागद घेतला. कागदावर दम लागला तर थांबता येतं आणि वाचणाऱ्याला ते कळत नाही.

गाद्यांच्या कारखान्याचा जिना आठवतो तुला? अडतीस पायऱ्या, मधे दोन वळणं. शाळेतून परस्पर आपण तिथे जायचो आणि आईची पाळी सुटेपर्यंत खालच्या पायरीवर बसायचो. वर बायका उशा भरायच्या, खोळी शिवायच्या. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर कापसाचा भुगा. सुटी झाली की सगळ्या धडधडत उतरायच्या, आई शेवटी. सकाळी चढतानाही तीच शेवटी. पहिल्या वळणावर ती नोटिशींचा फळा वाचत उभी राहायची. आईला वाचता येत नव्हतं. दुसऱ्या वळणावर तिच्या चपलेचा पट्टा सैल व्हायचा, रोज, न चुकता. मुकादम वरून ओरडायचा, "बाई, नोटीस पाठ झाली असेल आता, या की वर!" बायका हसायच्या. आपणही हसायचो. तू तेव्हापासूनच माझ्या मागे रेंगाळायचीस, आणि मी सगळ्या गल्लीसमोर ओरडायचो, "मालगाडी आली, फाटक लावा!" त्यातलं प्रत्येक 'मालगाडी' आता मला कुठेतरी रुतून बसलेलं सापडतं.

कारखान्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर वाईट माणूस नव्हता. दर महिन्याला तो आईच्या दंडाला पट्टा गुंडाळायचा आणि म्हणायचा, "एकशे दहा, सत्तर. बाई, तुमचं प्रेशर माझ्याहून चांगलं आहे. तुम्ही इथे बसा, मीच दमलो म्हणून घरी जातो." मग कार्डावर शिक्का मारायचा, 'कामास योग्य'. आई ती कार्डं बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायची. तिला वाटायचं, आपल्याला चांगले मार्क मिळतायत. संध्याकाळी तिच्या पायांवर चपलेचे वळ उमटलेले असायचे, इतके खोल की बोट ठेवलं तर बसेल. तू तिचे पाय चेपायचीस. मी वाचत बसायचो. जगातल्या सगळ्या क्रांत्यांचे इतिहास मी त्या खोलीत वाचले, आणि तीन हातांवर बसलेल्या बाईचे निळसर ओठ वाचले नाहीत.

पुढचं तुला माहीतच आहे. ती गेली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, तू चौदाची, ती त्रेचाळीसची. तेराव्या दिवशी मी कारखान्याच्या फाटकावर उभा राहिलो, एका हातात ती कार्डं आणि दुसऱ्या हातात तिच्या छातीचा एक्स-रे. तो एक्स-रे मी उन्हाला धरला आणि विचारलं, "ही काळी फिल्म पाहता? यात माझी आई आहे. यात तुमच्या गाद्यांचा भुगा आहे. ज्या श्वासावर तुमचं गिऱ्हाईक मऊ झोपतं, तो हिच्या छातीतून चोरलेला आहे!" तीन हजार माणसं होती. सात आठवडे संप चालला. भिंती फोडून हवा बाहेर फेकणारे पंखे बसले, तोंडाला फडकी मिळाली, आणि मी पुढारी झालो. ते भाषण मी चार दशकांत शेकडो वेळा केलं. तो एक्स-रे प्रत्येक वेळी माझ्या हातात होता. आता नीट ऐक: तो कोणत्याही डॉक्टरकडून मी एकदाही वाचून घेतला नाही. मला वाचता येत नव्हता. तीन हजारांतल्या कोणालाच येत नव्हता. आई नोटिशींचा फळा वाचायची, तसाच मी तो वाचला.

तीन वर्षांपूर्वी माझी वाक्यं आखूड झाली. पूर्वी माझं एक वाक्य श्रोत्यांना दोनदा टाळ्या वाजवायला लावून मग संपायचं. आता पाच शब्द, थांबा. पाच शब्द, थांबा. वर्तमानपत्रात कोणीतरी लिहिलं, वयानुसार वक्त्याच्या शैलीला विलक्षण संयम आला आहे. संयम कसला, मी बुडत होतो! व्यासपीठाच्या चार पायऱ्या चढून गेलो की मी कार्यकर्त्यांना मुद्दाम पाणी आणायला सांगायचो, तेवढीच दोन मिनिटं. डॉक्टरांकडे गेलो, दंडाला पट्टा. "छान आहे, एकशे बारा." मी खूश. मग एके दिवशी भर सभेत माईकचा दांडा धरूनच खाली बसलो, आणि त्या बसण्यातून उठलो तो थेट मोठ्या इस्पितळात.

तिथली डॉक्टर तुझ्या लेकीच्या वयाची आहे. मला काका म्हणते, आणि मी भाषण सुरू केलं की घड्याळाकडे बघते. तिनं कागदावर एक हृदय काढलं, मधोमध रेघ मारली आणि म्हणाली, "काका, घर एक, पण चुली दोन. डावी बाजू सगळ्या अंगाला रक्त पुरवते. तिचा दाब दंडावर मोजतात. उजवी फक्त फुप्फुसांना पुरवते. तिचा दाब दंडावर दिसत नाही, जन्मात दिसणार नाही. तुमच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आतून जाड होऊन अरुंद झाल्यात. उजवी बाजू त्या बंद दाराला खांदा लावून ढकलतेय, आणि दंडावरचा पट्टा म्हणतोय सगळं उत्तम." धाकटे, मला तो बिस्किटांचा डबा आठवला. एकशे दहा, सत्तर. आईला मिळालेले ते चांगले मार्क भलत्याच परीक्षेचे होते.

मग तिनं मला एका प्रयोगात सामील व्हाल का विचारलं. पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका, असं मी हजारो कामगारांना बजावलेलं. तेव्हा नऊ पानं वाचली आणि तिला तास-दीड तास प्रश्न विचारले. त्यातून कळलेली गोष्ट अशी, आणि मी आयुष्यभर वाचलेल्या कोणत्याही ग्रंथाहून ती मला मोठी वाटते. हृदय नुसता पंप नाही. ते स्वतः एक संप्रेरक तयार करतं. ओझं वाढलं, भिंती ताणल्या गेल्या, की ते हे संप्रेरक रक्तात सोडतं. मूत्रपिंडांना सांगतं, मीठ आणि पाणी बाहेर टाका, माझा भार हलका करा. रक्तवाहिन्यांना सांगतं, जरा सैल व्हा, वाट द्या. मी ओरडलोच, "म्हणजे निवेदन!" ती हसली. "हो, निवेदनच. निरोगी माणसाच्या कितीतरी पट तुमच्या रक्तात आहे. तुमचं हृदय रोज निवेदनांवर निवेदनं पाठवतंय, काका. मला बघायचंय, बाहेरून आणखी दिलं तर ऐकायला कोणी शिल्लक आहे का."

ज्या नळीवर मी आयुष्यभर थुंकलो, तीच माझ्या मानेतून आत गेली. कातडीपुरती भूल, मी टक्क जागा. समोर पडद्यावर दोन आकडे: वर अंगाचा दाब, एकशे बारा, खाली फुप्फुसाचा, अठ्ठावन्न. निरोगी माणसाचा तो विसाच्या आत असतो. मग हाताच्या शिरेतून ते संप्रेरक थेंब थेंब सुरू झालं. अठ्ठावन्नाचे पंचावन्न झाले. मात्रा वाढवली, बावन्न. खोटं का सांगू, मी त्या आकड्यांकडे मतमोजणीसारखा बघत होतो. पण वरचा आकडाही उतरत होता. एकशे बारा, शहाण्णव. तिसऱ्या मात्रेला वर चौऱ्याऐंशी झाले, माझ्या कानात शिट्ट्या वाजल्या, कपाळाला घाम सुटला, आणि तिनं हात वर करून थेंब बंद केले. खाली अजून एक्कावन्नच. मला तेवढ्यात लघवीची इतकी घाई झाली की तिथली सिस्टर म्हणाली, "पुढारी, तुमच्या मूत्रपिंडांनी तरी निवेदन मंजूर केलं बघा." पंधरा मिनिटांत दोन्ही आकडे रांगत जुन्या जागी परतले.

मी विचारलं, जिंकलो की हरलो? ती म्हणाली, "एका माणसाच्या आकड्यांवरून मी काहीच म्हणणार नाही. पण तुमच्यापुरतं जे दिसलं ते असं. जिथे वाहिन्या अजून मऊ आहेत, म्हणजे बाकीच्या अंगात, तिथे निरोप पोचला आणि दारं उघडली. जिथे खरी अडचण आहे तिथल्या भिंतीच जाड झाल्यात. निरोप पोचतो, पण दार हलत नाही. म्हणून अंगाचा दाब जास्त पडला आणि फुप्फुसाचा थोडाच." मग म्हणाली, "भिंती जाड व्हायच्या आधी तुम्ही आला असता तर गोष्ट वेगळी असती. आता औषधं आहेत." माझी आता चार प्रकारची औषधं चालू आहेत. त्यांनी मी जगतोय, पण व्यासपीठ संपलं.

प्रयोगाच्याच दिवशी तिनं कोऱ्या कागदावर आपल्या घराचा वृक्ष काढायला घेतला. "आई कशानं गेल्या?" धाकटे, ते भाषण मला झोपेतून उठवलं तरी येतं. मी छाती भरून घेतली. "गाद्यांच्या कारखान्यातल्या भुग्यानं..." आणि हवा संपली. भाषण अडलं, म्हणून मग मला खरं आठवायला लागलं. नोटिशींचा फळा. चपलेचा पट्टा. पायांवरचे वळ. ओठ. ती पेन खाली ठेवून ऐकत होती. "त्यांचा काही जुना कागद, एखादा फोटो?" मी म्हणालो, एक्स-रे आहे. युनियनच्या कार्यालयात, माझं व्यासपीठ सुटल्यापासून काचेत लावलेला.

फ्रेम फोडून तो आणवला. तिनं तो खिडकीच्या उजेडाला धरला, अगदी मी फाटकावर धरला होता तसा. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. "काका, फुप्फुसं स्वच्छ आहेत," ती म्हणाली. "भुग्याचं काहीही दिसत नाही. पण इथे बघा, हृदयातून निघणाऱ्या या दोन फांद्या. केवढ्या फुगल्यात. आणि हृदयाची उजवी बाजू. नुसत्या जुन्या फिल्मवरून मी लिहून देणार नाही, पण तुमचा रिपोर्ट आणि हा फोटो शेजारी ठेवला तर मला शंका राहत नाही. हे घरात चालत येणारं आहे." बेचाळीस वर्षं मी पुरावा हातात धरून नाचलो, आणि तो सगळा वेळ माझ्याविरुद्ध साक्ष देत होता.

पंख्यांबद्दल मला पश्चात्ताप नाही, हे स्पष्ट लिहितो. त्या भुग्यानं कोणाचंच भलं होत नव्हतं. पंखे बसले ते चांगलंच झालं, खोट्या पुराव्यावर का होईना. पण आईच्या बाबतीत मी चुकलो, आणि ती चूक फाटकावर झाली नाही. ती त्याच्या सात आठवडे आधी झाली, इस्पितळातल्या बायकांच्या वॉर्डात, आणि तू तिथे होतीस. चष्मेवाल्या डॉक्टरबाई आल्या होत्या. म्हणाल्या, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण दिसतोय, आत नळी घालून दाब मोजावा लागेल. ती खाट कारखान्याच्या मॅनेजरच्या ओळखीनं मिळाली होती. मला लगेच डाव दिसला: दोष बाईच्या शरीरातच होता असं सिद्ध करायचं आणि कारखान्यानं हात झटकायचे. मी खाटेशी उभा राहून भाषण केलं. माझ्या आईचं शरीर ही तुमची प्रयोगशाळा नाही, हिच्या अंगात तुमची नळी जाणार नाही. आईनं एकच विचारलं होतं, हळूच, "किती वेळ लागतो त्याला?" मी तिला उत्तर देऊ दिलं नाही. डॉक्टरबाईंनी कागद मिटला. आणि पायथ्याशी स्टुलावर बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलीनं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या वॉर्डानं. आई भिंतीकडे तोंड करून पडली.

तू ते विसरली नसशील. मीही नाही. आमची डॉक्टर दयाळू आहे, म्हणाली, तेव्हा निदान झालं असतं तरी हातात फारसं काही नव्हतं, स्वतःला छळू नका. पण मला या सवलतीत लपायचं नाही. निदान झालं असतं तर आईला कोणी आळशी म्हटलं नसतं. ती अडतीस पायऱ्या चढली नसती. शेवटचे पाच आठवडे तरी तिनं खालच्या मजल्यावर, खिडकीपाशी, बसून काढले असते. मी तिच्या मरणाला कारण दिलं आणि तिला विश्रांती नाकारली. आणि माझं ते भाषण तीन हजारांनी ऐकलं, टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन विसरले. ते खरोखर पटलं एकाच माणसाला. त्या एका माणसानं त्यावर आख्खं आयुष्य काढलं, मुलीच्या बाळंतपणातसुद्धा डॉक्टरांशी भांडली, आणि रविवारी ते मला म्हणून दाखवायला तयार होती. वक्त्याला याहून मोठं यश नसतं. मला ते यश परत करायचं आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. गेल्या महिन्यात तुझ्या लेकीचं नवं घर बघायला आपण गेलो. लिफ्ट बंद होती. तिसरा मजला मला शक्य नव्हता, म्हणून मी खाली वॉचमनच्या खुर्चीवर बसलो, आणि तू तुझी पर्स माझ्या मांडीवर टाकून म्हणालीस, "बस तू, मी पटकन बघून येते." तिथून सगळा जिना दिसतो. पहिल्या वळणावर तू थांबलीस आणि भिंतीवरच्या सोसायटीच्या सूचना वाचायला लागलीस. बराच वेळ वाचत होतीस. तुझा चष्मा माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होता. दुसऱ्या वळणावर तू वाकलीस आणि चपलेचा पट्टा नीट करायला लागलीस. तू खाली आलीस तेव्हा मी मुद्दाम पाहिलं. तुझ्या चपलेला पट्टाच नाही. धाकटे, मालगाडी नव्हतीस तू कधीच. गुरुवारी सकाळी दहा वाजता इस्पितळाच्या तळमजल्यावर, अकरा नंबरच्या खोलीत, इकोसाठी तुझं नाव लावलं आहे. छातीवर थंड जेल लावून यंत्र फिरवतात, वीस मिनिटं. टोचत नाहीत, नळी नाही, एकही पायरी नाही. पुढे नळीची गरज पडलीच, तर आईनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला आता ठाऊक आहे: तासाभराचं काम आहे. मी दाराबाहेरच्या बाकावर पावणेदहापासून बसलेला असेन, तोंड बंद ठेवून. या भाषणाला टाळ्या नकोत. गुरुवारी दहाला ये.

तुझाच,
भोंगा